एम्युलेटर फारच बरोबर चालतोय, म्हणजे चुकीचा असणार

सांगलीतल्या तिसऱ्या वर्षाच्या एका कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "सर, मिनी प्रोजेक्टसाठी ८०८५ चा, म्हणजे इंटेलच्या जुन्या आठ बिटांच्या प्रोसेसरचा, एम्युलेटर लिहिला. लॅब मॅन्युअलमधले सगळे प्रोग्रॅम बरोबर चालतात. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर स्क्रीनकडे बघून म्हणाले, 'फारच बरोबर चालतोय, म्हणजे चुकीचा असणार.' आमचे सर हसले, म्हणून मीपण हसलो. जोक काय होता? आणि एम्युलेटरवाल्यांचे सगळेच जोक असे उलटे का असतात?"

मार्क मिळाले ना? मग आधी ते पदरात पाडून घे. आणि जोक न कळता योग्य वेळी हसलास, हे कसब पुढं नोकरीत फार उपयोगी पडतं.

मी कुपवाड एमआयडीसीत गेली वीस-बावीस वर्षं जुनी कंट्रोल कार्डं जिवंत ठेवायचं काम करतो. साखर कारखाने, सूतगिरण्या, हळद पॉलिश करायची मशिनं. कार्ड मरतं, ते बनवणारा कधीच गाशा गुंडाळून गेलेला असतो, सुटे भाग मिळत नाहीत. पण ईप्रॉममधला (वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमधला) प्रोग्रॅम मात्र शाबूत असतो. मग तो वाचून घ्यायचा, नव्या छोट्या बोर्डावर ठेवायचा आणि त्याला समजवायचं की बाबा, तू अजून तुझ्या जुन्या घरातच आहेस, ही बघ तीच खिडकी, हा बघ तोच उंबरा. हे जे खोटं बोलणं आहे, त्याला एम्युलेटर म्हणतात. माझी रोजीरोटी खोटेपणावर चालते असं घरचे म्हणतात, ते एवढ्यापुरतं खरं आहे.

याला मला मराठीत एकच शब्द पटतो: सोंग. गावाकडं दारात बहुरूपी यायचा, पोलिसाचा वेष करून. शिट्टी, काठी, हातात वही. आता विचार कर, तो कुणाची नक्कल करायचा? पोलीस नियमावलीत लिहिलेल्या आदर्श शिपायाची? मग कोण हसणार, कोण घाबरणार, आणि पसाभर जोंधळे तरी कोण घालणार? तो नक्कल करायचा आपल्याच ठाण्यातल्या हवालदाराची. पान तोंडात धरून बोलणं, पट्टा पोटाखाली घसरलेला, नाव लिहिताना दोनदा विचारणं, सगळं आलं पाहिजे. प्रोसेसरचं तसंच. मॅन्युअल सांगतं की चिपने कसं वागावं. प्रोग्रॅम लिहिणारा मात्र चिप प्रत्यक्ष कशी वागते त्यावर विसंबून लिहून गेलेला असतो. तुझ्या परीक्षकांना हेच म्हणायचं होतं. तू नियमावलीतला शिपाई उभा केलास, हवालदार नाही.

आता यात हसण्यासारखं काय? चूक शुद्ध स्वरूपात जतन करायला अक्कल लागते, हेच तर हसण्यासारखं आहे. ६५०२ घे. १९७५ सालची चिप, किंमत २५ डॉलर, त्या काळच्या मानाने जवळजवळ फुकट. आपल्याकडे १९८४ पासून शाळांत जे बीबीसी मायक्रो आले, त्यातही हीच. तिच्यात एक अप्रत्यक्ष उडीची सूचना आहे: अमुक पत्त्यावर जा, तिथले दोन बाइट वाच, तो पुढचा पत्ता. पण पहिला बाइट जर पानाच्या (मेमरीच्या २५६ बाइटांच्या तुकड्याच्या) अगदी शेवटच्या जागी असला, म्हणजे पत्त्याचा शेवट एफएफ (हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, २५५) असला, तर दुसरा बाइट पुढच्या पानावरून न वाचता ती चिप त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन वाचते. पोथी वाचणाऱ्या बुवांनी पान उलटायचं विसरून पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरू करावं तसं. आता हा दोष आहे. पण तो दोष एम्युलेटरमध्ये नसेल तर तुझा एम्युलेटर चुकीचा. म्हणजे तुला कोडमध्ये मुद्दाम, शुद्धीवर असताना, पान उलटायचं विसरावं लागतं, आणि वर टिप्पणी लिहावी लागते: "हे बरोबर आहे, दुरुस्त करू नये." ती टिप्पणी नसली तर सहा महिन्यांनी कुणीतरी सद्‌भावनेने दुरुस्त करतोच. बहुतेक वेळा तो कुणीतरी आपण स्वतःच असतो.

मला यातलं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र पीसीचं आहे. ८०८६ ला पत्त्याच्या २० तारा, म्हणजे १ एमबी. सेगमेंट आणि ऑफसेट या पत्त्याच्या दोन भागांची बेरीज त्याच्या वर गेली की पत्ता गोल फिरून परत शून्यापाशी. काही प्रोग्रॅम या गोल फिरण्याच्या भरवशावर लिहिले गेले. मग ८०२८६ आला, त्याला २४ तारा, तो कशाला गोल फिरतोय? जुने प्रोग्रॅम मोडायला नकोत म्हणून आयबीएमने १९८४ च्या एटी मशीनमध्ये एकविसाव्या तारेवर (मोजणी शून्यापासून, म्हणून ए-२०) एक फाटक बसवलं. ते फाटक उघडायला-मिटायला एक मोकळी पिन हवी होती. मोकळी पिन कुणाकडे सापडली? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडे. ग्रामपंचायतीच्या दप्तराच्या कपाटाची किल्ली समोरच्या पानटपरीवाल्याकडे असावी, तसला कारभार. आणि आज पीसीचा एम्युलेटर लिहायचा तर तुला पंचायत, कपाट, पानटपरीवाला आणि त्याच्याकडची किल्ली हे सगळं जसंच्या तसं उभं करावं लागतं. नाहीतर जुनी डॉस उठत नाही. "मेमरी मिळत नाही, कीबोर्ड तपासा" हा जोक नवख्याला वेडेपणा वाटतो. आमच्यासाठी तो सरळ अहवाल आहे.

दोष आणि गुण यांतली रेघसुद्धा कधी पुसून जाते. १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स, आत २ मेगाहर्ट्झचा ८०८०, म्हणजे तुझ्या ८०८५ चा थोरला भाऊ. त्यात परग्रहवासी मरत गेले की उरलेले जोरात पळायला लागतात. ती कुणाची हुशार कल्पना नव्हती. प्रत्येक फ्रेमला एकच परग्रहवासी हलवला जायचा. पंचावन्न होते तेव्हा सगळ्यांची पाळी यायला वेळ लागायचा, पाच उरले की लगेच यायची. प्रोसेसरला जमत नव्हतं, त्यातून खेळाला रंगत आली. तशीच ठेवली. आता तू एम्युलेटर लिहून त्यांना "सुधारलंस" तर खेळच गेला.

बरं, तुझ्या ८०८५ कडे येऊ. तुझा एम्युलेटर मी पाहिलेला नाही, पण तो कुठं चुकत असणार यावर एक चहा लावायला तयार आहे. हे सात बाइट भरून बघ: ३ई ०९ ०६ ०८ ८० २७ ७६. अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ९, बी मध्ये ८ (हे दोन्ही चिपमधले खाने), बेरीज, डीएए (दशमान दुरुस्ती), थांब. उत्तर १७ यायला पाहिजे. ११ आलं तर चहा माझा, म्हणजे तू पाजायचास.

हे मला कसं माहीत? माझं स्वतःचं ११ आलं होतं, आणि ते चारचौघांत आलं होतं. एका कारखान्याच्या काट्यावर (नाव कशाला घ्यायचं) एक जुना डबा होता. वजन दाखवणारा इंडिकेटर वेगळा, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का, त्याला आपण हात लावायचा नाही. हा डबा त्याच्याकडून आकडे घ्यायचा, बेरीज ठेवायचा आणि पावती छापायचा. आत ८०८५, आठ केबीचं एक ईप्रॉम, खिडकीवर पिवळी पडलेली चिकटपट्टी. कार्ड गेलेलं. मी ईप्रॉम वाचून घेतलं, चार रात्री बसून एम्युलेटर लिहिला, आणि तपासणीसाठी कारखान्याच्या ऑफिसातच टेबलावर मांडलं. काटेवाले मामा, शेतकी विभागातले दोघं आणि कार्बनच्या जुन्या पावत्यांचा गठ्ठा. मामा पावतीवरचा आकडा वाचायचे, मी टाइप करायचो, डबा बेरीज करायचा, मामा कॅल्क्युलेटरवर पडताळायचे. वीसेक पावत्या झकास गेल्या. मग एक गाडी ९ टनांची आणि पुढची ८ टनांची. डबा म्हणाला, ११.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाले, "सायेब, तुमचं मशीनबी काटा मारतंय की!"

सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात "काटा मारणे" या दोन शब्दांवर आंदोलनं होतात, हे तुला सांगायला नको. साखर कारखान्याच्या ऑफिसात बसून, शेतकऱ्याचा ६ टन ऊस गिळणारं मशीन मी स्वतःच्या हाताने लिहून आणलं होतं. शेतकी विभागातले दोघं इतके हसले की एकाचा चहा सांडला.

कारण तुझ्याही कामाचं आहे, म्हणून नीट बघ. ही बेरीज बीसीडीत आहे, एका बाइटमध्ये दोन दशमान आकडे. ०९ आणि ०८ ची साधी बेरीज हेक्समध्ये ११. मग डीएए येऊन ती दशमानात आणतो: खालचा आकडा ९ च्या वर गेला असेल तर ६ मिळव, किंवा खालच्या चार बिटांतून वर हातचा गेला असेल तरी ६ मिळव. तो हातचा गेला होता का, हे एका बिटाच्या ज्या खुणेत, म्हणजे फ्लॅगमध्ये, लिहिलेलं असतं त्याचं नाव ऑक्झिलरी कॅरी. मी तो फ्लॅग "नंतर बघू" म्हणून शून्य ठेवला होता. सगळेच ठेवतात, कोणतीही उडीची सूचना तो बघत नाही, म्हणून त्याची आठवण कुणाला येत नाही. आता गंमत बघ: ५ आणि ६ मिळवले तर खालचा आकडा हेक्समध्ये बी येतो, तो ९ च्या वर आहे, फ्लॅग नसला तरी ६ मिळतात, उत्तर बरोबर. गडबड फक्त दोन आकड्यांची बेरीज १६, १७ किंवा १८ आली तरच. शून्य ते नऊच्या १०० जोड्यांपैकी अशा जोड्या फक्त ६. म्हणजे ९४ वेळा मशीन सज्जन, ६ वेळा चोर. आणि चोरी दर वेळी बरोबर ६ चीच. खरा काटा मारणारासुद्धा इतका शिस्तीचा नसतो.

लॅब मॅन्युअलमधले प्रोग्रॅम हे शाळेत पाहुणे आल्यावर प्रश्न विचारतात तसे असतात: उत्तर येणाऱ्या मुलालाच उभं करायचं. त्यात ५ अधिक ६ असतं, ९ अधिक ८ सहसा नसतं.

"मग प्रोसेसर तपासणारे प्रोग्रॅम असतात की, ते चालवायचे," असं तू म्हणशील. असतात. ८०८० साठीचा एक जुना, १९८० सालचा. तो चालवलास की शेवटी इंग्रजीत निरोप देतो की सीपीयू ठीक आहे. आम्ही सगळ्यांनी त्या ओळीचा स्क्रीनशॉट कधी ना कधी मित्रांना पाठवलेला आहे. पण विचार कर: हा प्रोग्रॅम चालतोय कुठं? ज्या प्रोसेसरबद्दल शंका आहे त्याच्यावरच. पिऊन आलेल्या माणसालाच विचारायचं, बाबा, तू शुद्धीवर आहेस का? तो म्हणणार, एकदम! "चुकलं तर तिकडं उडी मार" ही उडीच जर तुझ्याकडे बिघडलेली असेल, तर सगळं चुकूनही निरोप "ठीक आहे" असाच येणार. माझ्या पहिल्या प्रयत्नात नेमकं हेच झालं होतं आणि मी त्या रात्री विश्रामबागेत जाऊन भेळ खाऊन आलो होतो, आनंदाने.

याहून कडक तपासणी हवी तर ८०८० एक्झरसायझर घे. तो प्रत्येक सूचना हजारो आकड्यांवर चालवतो आणि शेवटच्या फ्लॅगपर्यंतची बेरीज खऱ्या चिपवरच्या बेरजेशी ताडून बघतो. पुऱ्या तपासणीला क्लॉकचे २३ अब्जांहून जास्त ठोके लागतात, म्हणजे खऱ्या २ मेगाहर्ट्झच्या ८०८० वर तीन तासांच्या वर. पण एक लक्षात ठेव, ती ८०८० ची परीक्षा आहे. ८०८५ मध्ये "अँड" केल्यावर ऑक्झिलरी कॅरी सरळ १ होतो. ८०८० मध्ये तो दोन्ही आकड्यांच्या तिसऱ्या बिटावर अवलंबून. सख्ख्या भावांत जमिनीचा वाद निघावा तसा हा एका बिटाचा वाद आहे. थोरल्याच्या परीक्षेत धाकटा नापास झाला तर धाकट्याला बोलू नकोस.

हा बिट-बिटाचा हिशोब माणसाला हळूहळू खुळा करतो, आणि मग त्याला ओपकोडच्या (प्रत्येक सूचनेच्या आकड्याच्या) तक्त्यातही विनोद दिसायला लागतात. ८०८५ चा तक्ता काढून बघ: ४० पासून ७एफ पर्यंत ६४ घरं, सगळी मूव्हची, म्हणजे आकडा इकडून तिकडं नेण्याची. त्यात बी मधून बी मध्ये, ए मधून ए मध्ये अशा सात सूचना आहेत. चार टी-स्टेट (क्लॉकचे ठोके) खातात आणि काहीही करत नाहीत. फाइल टेबलावरून उचलून, फुंकर मारून, त्याच टेबलावर ठेवणं. आणि मेमरीतून मेमरीत मूव्ह जिथं यायला हवी होती त्या ७६ च्या घरात कोण बसलंय? एचएलटी. थांब. सात जणांनी काही न करता नोकरी केली, आठव्याने सरळ राजीनामा दिला.

थांबण्यावरून आठवलं, "थांब आणि पेट घे" हा एक ठेवणीतला जोक आहे. मशीनच्या सूचनांची खोटी यादी करून त्यात "थांब आणि पेट घे", "प्रोग्रॅमरला ताबडतोब फाशी दे" असल्या सूचना घालायची जुनी पद्धत. पण १९७७ च्या डिसेंबरात बाइट मासिकात एका लेखकाने दाखवून दिलं की मोटोरोला ६८०० मध्ये अशी सूचना खरंच आहे, कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसलेली. ती दिली की चिप सगळं काम सोडून नुसते पत्ते एकापाठोपाठ एक मोजत बसते, आणि रिसेट केल्याशिवाय ऐकत नाही. पेट वगैरे काही घेत नाही, पण विनोद म्हणून लिहिलेली सूचना सिलिकॉनमध्ये सापडली हे काय कमी आहे? ८०८५ मध्येही इंटेलने न सांगितलेल्या दहा सूचना आहेत, आणि फ्लॅगमध्ये न सांगितलेले दोन बिट. तुझ्या कोडमधल्या ओपकोडांच्या यादीच्या (स्विच-केसच्या) तळाशी "अनोळखी ओपकोड, दुर्लक्ष करा" असं लिहिलं असशील, तर ते आधी काढ. दुर्लक्ष करू नको, बोंबल. कुठला ओपकोड, कुठल्या पत्त्यावर, ते छाप.

पेंटियमच्या भागाकाराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते म्हणून दोन ओळींत उरकतो. १९९४ साली ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ चं उत्तर चौथ्या दशांशापासून चुकायचं, इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका. त्यावरचा जोक: चिपचं नाव ५८६ का नाही ठेवलं? ४८६ मध्ये १०० मिळवून बघितले, उत्तर ५८५.९९९९८३६०५ आलं. यावर सगळं जग हसलं. एम्युलेटर लिहिणारा मात्र हसता हसता थबकतो, कारण त्याच्यापुढं खरा प्रश्न असतो: आपण भागाकार बरोबर द्यायचा की पेंटियमसारखा?

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या, ती म्हणजे वेळ. आपल्याकडं म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. आमच्या धंद्यात वेळेचं येत नाही. त्याच डब्याची गोष्ट. कॅरी दुरुस्त केला, बेरजा जुळल्या, मग पावती छापायला घेतली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर "वजन १७" च्या जागी कधी "जन १", कधी नुसतीच दोन अक्षरं. प्रिंटर बदलला, केबल बदलली, मामांनी उदबत्ती सुचवली. शेवटी प्रोग्रॅम उलगडून बघितला तर दर अक्षर पाठवल्यावर एक विलंबाची फिरकी होती: सी मध्ये एफएफ भर, एक कमी कर, शून्य झालं नाही तर परत. एक कमी करायला ४ टी-स्टेट, मागं उडी मारायला १०, असे २५५ फेरे. शेवटची उडी चुकते तिचे ७. एकूण ३५६७. ३ मेगाहर्ट्झवर १.१९ मिलिसेकंद. त्या काळच्या प्रोग्रॅमरकडे प्रिंटर तयार आहे का हे विचारायला तार नव्हती, म्हणून त्याने दर अक्षरामागं तेवढा दम घेतला होता. माझ्या नव्या बोर्डने ते २५५ फेरे काही मायक्रोसेकंदांत मारले आणि पुढचं अक्षर प्रिंटरच्या तोंडावर फेकलं. नवीन मशीन हजारपट वेगवान होतं, म्हणून पावती येत नव्हती. मग काय, प्रत्येक सूचनेचे टी-स्टेट मोजायचे आणि तेवढा वेळ नुसतं बसून राहायचं. आजच्या प्रोसेसरला पगार देऊन बसवून ठेवायचं. कारखान्याच्या हिशोबनीसाला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, यात नवीन काय आहे?

उलट बाजूलाही लोक आहेत, ज्यांना वेग कमी पडतो. त्यांची युक्ती अशी की दुभाष्याने प्रत्येक वाक्य दर वेळी नव्याने समजावण्याऐवजी एकदाच भाषांतर करून वहीत लिहून ठेवायचं आणि पुढच्या वेळी वहीतून वाचायचं. फाब्रिस बेलार्डचा २००३ चा क्यूईएमयू याच जातीचा. त्याच गृहस्थाने २०११ मध्ये चक्क ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने पीसी उभा करून त्यावर लिनक्स उठवलं. या वहीवाल्यांची दुखरी नस म्हणजे चालता चालता स्वतःलाच बदलणारा प्रोग्रॅम. सकाळचं भाषण दुपारी फिरवणाऱ्या पुढाऱ्याचा दुभाष्या जसा तोंडघशी पडतो, तसंच.

आणि सोंगाच्या आत सोंग, त्याच्या आत आणखी सोंग, हा तर आमच्यातला हमखास हशा. त्याची सुरुवात मात्र अगदी गंभीर आहे. एम्युलेटर हा शब्दच आयबीएमचा. १९६४ ला त्यांनी सिस्टम/३६० आणली तेव्हा १९५९ च्या १४०१ वर पगारपत्रकं चालवणारी गिऱ्हाइकं म्हणाली, आमचे प्रोग्रॅम परत लिहिणार नाही. म्हणून नव्या मशीनने जुन्याचं सोंग घेतलं. याच वाटेने २०२४ साली दिमित्री ग्रिनबर्ग यांनी इंटेलच्या १९७१ च्या ४००४ वर, म्हणजे चार बिटांच्या पहिल्यावहिल्या चिपवर, एमआयपीएस प्रोसेसरचं सोंग उभं केलं आणि त्यावर लिनक्स सुरू केलं. सुरू व्हायला ४.७६ दिवस लागले. सांगलीतून चालत निघालेला वारकरी तेवढ्यात पंढरपूरच्या वेशीला लागलेला असतो. "उपयोग काय?" हा प्रश्न तिथं विचारायचा नसतो, वारीतही विचारत नाहीत.

याच्या उलट एक उदाहरण आहे, ज्यावर आम्ही हसत नाही, जरा जळतो. १९७५ साली पॉल अ‍ॅलनने अल्टेअर नावाचं मशीन डोळ्यांनी न बघता, नुसतं ८०८० चं मॅन्युअल वाचून, विद्यापीठातल्या पीडीपी-१० या मोठ्या कॉम्प्युटरवर त्याचं सोंग लिहिलं (अल्टेअरच्या आत ८०८० च होता). बिल गेट्स आणि त्याने त्या सोंगावर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. अल्बुकर्कीला दाखवायला जाताना विमानात अ‍ॅलनला आठवलं की टेपवरून प्रोग्रॅम आत घेणारा लोडरच लिहिलेला नाही. तो त्याने विमान उतरता उतरता कागदावर लिहिला. तिथं २ अधिक २ विचारले, खऱ्या मशीनने ४ सांगितले. पहिल्या झटक्यात. माझ्या ९ अधिक ८ च्या शेजारी हे ठेवून बघ आणि मला किती बरं वाटत असेल याचा अंदाज कर.

तू पुढं काय करायचंस ते सांगतो. ऑक्झिलरी कॅरी नीट कर, टी-स्टेट मोज, न सांगितलेल्या सूचना घाल. आणि अजून एक: सुरुवातीला मेमरी शून्याने भरत असशील, तर ते थांबव. याचं कारण सांगायला त्या डब्याकडं शेवटचं जावं लागेल.

बेरीज जुळली, पावती छापली, डबा काट्यावर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मामांचा फोन. "सायेब, मशीन बिघडलंय. पावती चांगली आली."

मला वाटलं झोपेत चुकीचं ऐकलं. पण तसं नव्हतं. जुना डबा रोज सकाळी चालू केला की पहिली पावती कचरा छापायचा: चांदण्या, अर्धे आकडे, काय वाटेल ते. वर्षानुवर्षं. मामांच्या आधीच्या मामांनी त्याला नाव दिलं होतं, देवाची पावती. ती भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोच्या खिळ्याला टोचायची आणि रजिस्टरमध्ये रोज पहिल्या ओळीत "रद्द" लिहायचं. गाड्यांची मोजणी दुसऱ्या नंबरापासून. सगळं ऑफिस, सगळे हिशोब, अगदी तपासणीला येणारे ऑडिटरसुद्धा या रद्दच्या भरवशावर चालायचे. कारण उघड होतं: मूळ प्रोग्रॅमर छपाईची जागा साफ करायला विसरला होता, आणि खऱ्या रॅममध्ये वीज आल्या आल्या काहीही पडलेलं असतं. माझ्या सोंगात मेमरी शून्याने धुतलेली, म्हणून पहिली पावती स्वच्छ आली, पहिल्याच गाडीला नंबर एक मिळाला आणि संध्याकाळपर्यंत रजिस्टर एका गाडीने पुढं गेलं असतं.

मी म्हटलं, मामा, चूक दुरुस्त झाली, चांगलं झालं की. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते तुमचं खरं. पण मग खिळ्याला काय टोचू?"

एक ओळ वाढवली. चालू होताना सगळी मेमरी वाट्टेल त्या आकड्यांनी भरायची. वर टिप्पणी लिहिली: "देवाची पावती. दुरुस्त करू नये." दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.